जुनी सोप सेवा आणि नवा जावा

प्रश्न : बॅलार्ड इस्टेटमधल्या आमच्या शिपिंग कार्यालयाला कंटेनरची स्थिती एका जुन्या सोप (एक्सएमएल संदेशांवर चालणाऱ्या) सेवेतून मिळते. प्रणाली जावा १७ वर नेताना सेवेच्या वर्णनावरून जावा कोड बनवणारं डब्ल्यूएसइम्पोर्ट ‘आरपीसी-एन्कोडेड (संदेश लिहिण्याची जुनी पद्धत) चालत नाही’ म्हणून थांबतं. डब्ल्यूएसडीएलमध्ये, म्हणजे सेवेच्या वर्णनाच्या फाइलमध्ये, ‘एन्कोडेड’च्या जागी ‘लिटरल’ (नवी पद्धत) लिहिलं तर भागेल का?
— एक वाचक, मुंबई

उत्तर : नाही. हा मोह टाळाच. कोड कदाचित तयार होईल, पण पलीकडची सेवा बदललेली नसते. तिच्या उत्तरात बऱ्याचदा वस्तूच्या जागी नुसता ‘एचरेफ’ (दुसरीकडच्या आयडीचा संदर्भ) असतो आणि खरी माहिती बॉडीच्या शेवटी ‘मल्टिरेफ’ घटकात येते. लिटरल समजून वाचणाऱ्या कोडला ती सापडत नाही. मग एररही येत नाही, हाती नल (रिकामं मूल्य) पडतं आणि कंटेनरची स्थिती कोरी दिसते. उघड एररपेक्षा हे फार वाईट.

वेब सेवांचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूएस-आय संस्थेच्या २००४ च्या बेसिक प्रोफाइल १.० ने एन्कोडेड पद्धत वगळली आणि जावाच्या जॅक्स-डब्ल्यूएस या सोप-मानकाने ती घेतलीच नाही. त्यामुळे डब्ल्यूएसइम्पोर्टची नवी आवृत्ती शोधण्यात वेळ घालवू नका.

दोन-चारच ऑपरेशन्स असतील तर एन्व्हलप (सोप संदेशाचं एक्सएमएल) हातानं बांधा. सोपयूआय या चाचणीच्या साधनात मूळ डब्ल्यूएसडीएल उघडा, नमुना रिक्वेस्ट चालवून पाहा आणि चाललेली रिक्वेस्टच टेम्प्लेट म्हणून ठेवा. त्यातले एक्सएसआय-टाइप आणि एन्कोडिंगस्टाइल ही ॲट्रिब्यूट्स काढू नका. अनेक जुने सर्व्हर त्यांच्याशिवाय फॉल्ट (सोपचा एरर-संदेश) देतात. मूल्यं भरताना ‘&’ आणि ‘<’ एस्केप करा, नाहीतर एखाद्या कंपनीच्या नावातल्या ‘&’नं एक्सएमएल मोडतं. सोप १.१ साठी कंटेंट-टाइप टेक्स्ट/एक्सएमएल हवा. सोपॲक्शन हेडर डब्ल्यूएसडीएलमध्ये आहे तसाच, दुहेरी अवतरणात पाठवा. तो रिकामा असला तरी अवतरणं हवीत. जावाचा एचटीटीपी-क्लायंट आपणहून एचटीटीपी/२ चा प्रयत्न करतो, म्हणून व्हर्जन १.१ ठरवून द्या.

उत्तर वाचताना आधी सगळे आयडी एका मॅपमध्ये घ्या, एचरेफ जोडा, मगच फील्ड काढा. फॉल्ट ५०० स्टेटसनं येतो, तेव्हाही बॉडी वाचायचीच. खरं कारण तिथेच असतं.

ऑपरेशन्स पुष्कळ असतील तर ॲपाची ॲक्सिस १.४ चं डब्ल्यूएसडीएल-टू-जावा हे कोड बनवणारं साधन हा एन्कोडेड प्रकार वाचतं. पण ही २००६ ची आवृत्ती आहे आणि तिच्यातल्या सुरक्षा-त्रुटी जाहीर आहेत. ती मुख्य प्रणालीत मिसळू नका. वेगळ्या छोट्या प्रोसेसमध्ये, फक्त अंतर्गत नेटवर्कवर ठेवा आणि तिच्याशी जेसनमधून बोला.