पीयूषिका-उच्छेदन : प्रोस्टेटच्या कर्करोगात हा शब्द आला कुठून?

प्रश्न असा : एका जुन्या वैद्यकीय लेखात 'प्रोस्टेटचा प्रगत कर्करोग' यावरचा उपाय म्हणून 'पीयूषिका-उच्छेदन' दिलंय. प्रोस्टेट ही पुरुषांमधली ग्रंथी ओटीपोटात, पीयूषिका मेंदूच्या तळाशी. मग हे चुकीचं भाषांतर तर नाही ना? आणि नुसतं 'छेदन' का नाही?

भाषांतर बरोबर आहे. पीयूषिका म्हणजे पिट्युटरी, वाटाण्याएवढी ग्रंथी. मराठी विश्वकोशात तिला 'पोष ग्रंथि' म्हटलंय. तिच्यातून सुटणाऱ्या एलएच या संप्रेरकामुळे (हॉर्मोनमुळे) वृषणं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक तयार करतात आणि प्रोस्टेटचा कर्करोग बहुधा त्यावरच पोसला जातो. वृषणं काढली की हा आजार ओसरतो, हे शल्यविशारद चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवलं. पुढे १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण आजार पुन्हा उलटायचा. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथीही थोडी पुरुषी संप्रेरकं बनवतात आणि त्यांना चालना देणारं एसीटीएच हे संप्रेरक येतं पीयूषिकेतूनच. म्हणून १९५० च्या दशकात शल्यविशारदांनी तीच काढायला घेतली. हाडांत पसरलेल्या कर्करोगाच्या असह्य वेदना कित्येकांच्या झपाट्याने कमी होत. गाठ तेवढीच राहिली तरीसुद्धा. असं का व्हायचं, याचा पुरता उलगडा झालेला नाही. त्याबदल्यात रुग्णाला कॉर्टिसोल आणि थायरॉइडच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागत.

आता शब्द. छेद म्हणजे काप, उच्छेद म्हणजे समूळ काढून टाकणं. अवयव काढून टाकायचा असेल तर 'उच्छेदन'च हवं. मात्र याच काळात दुसऱ्या पद्धतीही होत्या : नाकावाटे सुई नेऊन ग्रंथीत अल्कोहोल सोडायचं, किंवा इट्रियम हा किरणोत्सारी धातू ठेवायचा. तिथे ग्रंथी जागीच राहते, फक्त मरते. त्याला उच्छेदन म्हणू नये. 'पीयूषिका निकामी करणे' हेच सरळ.

माझा खरा आक्षेप 'प्रगत'वर आहे. प्रगती ही चांगल्याकडे होते. रुग्णाच्या घरच्यांना तो शब्द ऐकवणं मला क्रूर वाटतं. 'हाडांपर्यंत पसरलेला कर्करोग' म्हणावं, नेमकं कळतंही.

आणि क्रियापद भूतकाळी ठेवावं : 'पीयूषिका काढली जात असे'. १९८० च्या दशकात ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन ही इंजेक्शनं आली. पीयूषिकेतून एलएच सुटणंच ती थांबवतात, त्यामुळे या आजारासाठी ग्रंथी काढण्याची पद्धत मागे पडली.