अंतुले प्रकरण उघड करणारे पत्रकार कोण? रानडेतल्या (पुण्यातली पत्रकारिता शिकवणारी संस्था) तोंडी परीक्षेत हे विचारतात, म्हणून थोडक्यात सांगा.

अरुण शौरी. तेव्हा ते 'इंडियन एक्स्प्रेस'चे कार्यकारी संपादक होते आणि 1981 मध्ये त्यांनी महाराष्ट्राचे तेव्हाचे मुख्यमंत्री ए. आर. अंतुले यांच्या ट्रस्टला मिळणाऱ्या देणग्या आणि टंचाईच्या काळातलं सिमेंट वाटप यांचा संबंध छापून दाखवला. जानेवारी 1982 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. लेंटिन यांचा निकाल विरोधात गेला आणि मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी शौरींना मॅगसेसे मिळाला आणि त्याच वर्षी एक्स्प्रेसही सुटला! पुढे 'टाइम्स ऑफ इंडिया', पुन्हा एक्स्प्रेस, मग राजकारण. वाजपेयी सरकारात निर्गुंतवणूक (सरकारी कंपन्यांतला हिस्सा विकण्याचं) खातं त्यांच्याकडे होतं.

परीक्षेत खरी गंमत इथे आहे: हा माणूस बातमीदारीतून वर आलेला नाही. अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठाची अर्थशास्त्रातली डॉक्टरेट, मग जागतिक बँकेतली नोकरी. त्यामुळे त्यांचा भर गुप्त भेटींपेक्षा कागद आणि आकडे यांवर. तुम्हीही उत्तरात तेच सांगा, नुसतं 'निर्भीड' म्हणू नका, ते सगळेच म्हणतात.

एक मात्र जपून: त्या काळातलं एक्स्प्रेसचं प्रत्येक गाजलेलं प्रकरण त्यांच्या नावावर टाकू नका. भागलपूरच्या कैद्यांचे डोळे फोडल्याची 1980 ची बातमी पाटण्याचे वार्ताहर अरुण सिन्हा यांची. नावं सारखी असल्याने इथे हमखास गल्लत होते.