शाळेनंतरची नोकरी : किती तास चालतील?

प्रश्न : ताई, माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. शाळा सुटल्यावर एका दुकानात काउंटरवर काम मिळतंय, आठवड्यातले पाच दिवस, संध्याकाळी पाच ते नऊ. पैशांची नड नाही, पण तिला मोबाईल स्वतःच्या पैशाने घ्यायचाय. तिचे बाबा म्हणतात अभ्यासाचं वाटोळं होईल, आणि ती म्हणते तुमचा माझ्यावर विश्वासच नाही. काय करू?

उत्तर : काम करू द्या, पण या टायमिंगला नको. पाच दिवस चार-चार तास म्हणजे आठवड्याला २० तास झाले, आणि गडबड साधारण तिथूनच सुरू होते. अमेरिकेत हायस्कूलच्या मुलांवर बरंच संशोधन झालंय, त्यात २० तासांच्या वर काम करणाऱ्यांचं शाळेतलं लक्ष कमी झालेलं दिसतं, थोडे तास करणाऱ्यांना तसा त्रास दिसत नाही. अर्थात ज्यांना शाळेचा आधीच कंटाळा आलाय तीच मुलं जास्त तास घेतात हेही आहेच, सगळं खापर नोकरीवर फोडू नका, हे तिच्या बाबांनाही सांगा.

आणि पाच ते नऊ हे फक्त बोलण्यापुरतं असतं हो. नऊला शटर खाली आलं तरी गल्ला मोजायचा असतो, हिशोब जुळला नाही तर परत पहिल्यापासून मोजायचा, गिऱ्हाइकांनी इकडेतिकडे ठेवलेला माल जागेवर लावायचा, झाडू मारायचा, की वाजले दहा, मग घरी येऊन जेवण आणि त्यानंतर वह्या उघडायच्या. १३ ते १८ वयात रोज ८ ते १० तास झोप लागते, आणि या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकलेलं असतं, त्यामुळे मुलं ठरवूनही लवकर झोपू शकत नाहीत आणि सकाळी शाळा तर ठरल्या वेळीच भरते. मला मार्कांपेक्षा या झोपेचीच जास्त काळजी वाटते, कारण ती उडाली की चिडचिड, डोकेदुखी, वर्गात पेंगणं सगळं मागोमाग येतं.

म्हणून शनिवार-रविवार आणि मधली एखादी संध्याकाळ, एवढंच मागून बघा, म्हणजे १०-१२ तासांत भागेल. दुकान बंद करायची ड्युटी नको आणि परीक्षेआधी सुट्टी हवी, हे जॉईन होण्याआधीच तिने स्वतः मालकाशी बोलावं, तुम्ही मध्ये पडू नका. कायदाही बघून घ्या. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७३ च्या करारात कामाचं किमान वय साधारण १५ आणि धोक्याच्या कामाला १८ धरलंय, पण तासांचे नियम प्रत्येक देशाचे वेगळे असतात. आणि पगार तिचा तिच्या खात्यात जाऊ दे, त्यातून मोबाईल घेतला तर घेऊ दे की.

प्रश्न : मी सतरा वर्षांचा आहे. एका गल्ल्यावर आम्ही तिघं असतो, पैसे कमी भरले तर मॅनेजरने ते माझ्या पगारातून कापले. म्हणे तू नवीन आहेस. घरी सांगितलं तर काम सोडायला लावतील.

उत्तर : आधी घरीच सांग. काम सोडायला लावतील ही भीती खरी असेल, पण तू गप्प बसतोस हे कळलं की पुढच्या महिन्यातही तुझ्याच पगारातून कापतील. तिघांचे हात एका गल्ल्यात असताना पैसे कोणाकडून कमी पडले हे कोणालाच सांगता येत नाही, मग नवीन आहे म्हणून तुझे कापणं सरळसरळ अन्याय आहे, आणि बऱ्याच देशांत पगारातून असे मनाला येईल तसे पैसे कापता येत नाहीत. किती कापले आणि कशाबद्दल ते मॅनेजरकडून लिहून माग, मेसेजवर दिलं तरी चालेल. चूक कबूल असल्याच्या कुठल्याही कागदावर सही करू नकोस. यापुढे ड्युटीवर बसताना आणि उठताना दुसऱ्यासमोर गल्ला मोजायचा, रक्कम आणि वेळ लिहून ठेवायची. लिहून द्यायला नाहीच म्हणाला तर आईबाबांना घेऊन कामगार कार्यालयात जा, तोवर केलेल्या तासांची नोंद मात्र रोजच्या रोज ठेव.