ॲलर्जी विभागातील परिचारिकेचे काम

प्रश्न: मी बालरुग्ण विभागात परिचारिका आहे. ॲलर्जी विभागात केवळ सुया टोचण्याचे काम असते, असे सहकारी म्हणतात. तेथून संशोधनाकडे वळता येते का?

उत्तर: सुई टोचणे हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. त्वचाचाचणीत संशयित पदार्थाचा थेंब त्वचेवर ठेवून हलके टोचतात, 15 ते 20 मिनिटांनी उठलेली गांध मोजतात आणि ती तुलनेसाठी सलाइन (मिठाचे पाणी) टोचलेल्या जागेवरील फुगवट्यापेक्षा किमान 3 मिलिमीटरने मोठी असल्यास चाचणी सकारात्मक धरतात. मात्र तेवढ्यावरून ॲलर्जी सिद्ध होत नाही, हे धास्तावलेल्या पालकांना समजावणे बहुधा परिचारिकेच्याच वाट्याला येते. खरा कस लागतो तो ॲलर्जीची खात्री करण्यासाठी संशयित पदार्थ वाढत्या मात्रेत खाऊ घालताना. खेळणारे मूल एकाएकी गप्प होते, ओठ चोळू लागते, आणि ते प्रथम परिचारिकेच्याच नजरेस पडते. तीव्र प्रतिक्रिया दिसताच मांडीच्या बाहेरील स्नायूत ॲड्रेनलिनचे (जीव वाचवणाऱ्या औषधाचे) इंजेक्शन विनाविलंब द्यावे लागते.

संशोधनातही हीच नजर उपयोगी पडते. अर्भकांना शेंगदाणा लवकर दिल्यास त्याची ॲलर्जी टळू शकते, हे 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. अशा अभ्यासांत संमती घेणे, कुटुंबांना वर्षानुवर्षे टिकवून ठेवणे आणि काटेकोर नोंदी करणे ही कामे संशोधन-परिचारिका सांभाळतात. आधी विभागात अनुभव घ्या, त्यासोबत क्लिनिकल चाचण्यांच्या आचारसंहितेचे प्रशिक्षण पूर्ण करा.