मामाजींना न्यूमोनिया, मग जपायचं कोणाला?

प्रश्न: माझ्या सासऱ्यांना (वय 71, शुगर आहे, बिडी काही सुटत नाही) मागच्या महिन्यात न्यूमोनिया झाला, बेडक्याच्या तपासणीत न्यूमोकॉकस नावाचा जंतू निघाला. आता बरे होऊन घरी आलेत, पण दहा महिन्यांचं बाळ दिवसभर त्यांच्याच मांडीवर असतं. नणंदेचा मुलगा गडचिरोलीहून शिकायला आमच्याकडे राहतो, त्याला सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे, एसएस पॅटर्न, म्हणजे नुसता वाहक नाही, प्रत्यक्ष आजारच. शेजारच्या काकू म्हणतात मामाजींची खोली वेगळी करा. करू का?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर: नका करू बाप्पा, हा टीबी नाही. न्यूमोकॉकस कित्येक धडधाकट लोकांच्या नाकाघशात गुपचूप बसलेला असतो, आणि सगळ्यात जास्त लहान पोरांच्या, म्हणजे नातवाकडूनच आजोबाकडे गेला असंही असू शकतं. खोकला-शिंकेतून पसरतो हे खरं, पण पसरला म्हणजे आजार झाला असं नाही. फ्लू झाला, फुप्फुस बिडीनं खराब झालं, शुगर वाढली, की मग तो खाली उतरतो आणि न्यूमोनिया होतो, कधी रक्तात किंवा मेंदूच्या आवरणापर्यंत जातो, पोरांचा कान फुटतो त्यातही बरेचदा हाच असतो.

दोन वर्षांखालची मुलं, पासष्टीच्या पुढचे, शुगर, दमा, हार्ट, किडनी, लिव्हरवाले, कॅन्सर किंवा एचआयव्ही असलेले, यांना धोका जास्त. पण तुमच्या घरात मला खरी काळजी भाच्याची वाटते, त्याच्याबद्दल तुम्ही एका ओळीत लिहून मोकळ्या झालात! या जंतूवर साखरेच्या जातीचं जाड आवरण असतं, असे जंतू रक्तातून गाळायचं काम प्लीहा (पोटात डावीकडे असते ती, स्प्लीन) करते, आणि एसएसवाल्यांची प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते. त्यामुळे त्याला 101 ताप आला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहायची नाही, रात्री दोन वाजता का होईना मेडिकल नाहीतर मेयो, ही आपली नागपूरची मोठी सरकारी हॉस्पिटलं, गाठायचं. त्याच्या न्यूमोकॉकल लसी झाल्या का ते नणंदेला आजच विचारा, विदर्भात सिकलसेल इतका असून ही गोष्ट कोणी विचारत नाही याचं मला नवल वाटतं. (एएस म्हणजे नुसते वाहक असलेल्यांना ही भीती नाही.)

बाळाचं लसीकरणाचं कार्ड काढून पीसीव्ही (न्यूमोकॉकसची लस) बघा, दीड महिना, साडेतीन महिने आणि नवव्या महिन्याचा बूस्टर. 2021 पासून ही लस देशभर सरकारी लसीकरणात फुकट आहे, बूस्टर राहिला असेल तर लगेच द्या. बाळाला लस दिली की नाकातला जंतूही कमी होतो, म्हणजे आजोबांचाही फायदा.

मामाजींना एकदा होऊन गेला म्हणून सुटले असं नाही, याचे 100 च्या वर प्रकार आहेत. मोठ्यांची लस विकत घ्यावी लागते, कोणती आणि कधी ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा, सोबत दरवर्षी फ्लूची पण. आणि म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनियात दरवेळी ताप येतोच असं नाही, अचानक असंबद्ध बोलायला लागले, जेवण सोडलं, श्वास जोरात चालला तरी दाखवायचं. बिडीचं मात्र त्यांना तुम्ही नाही, नातवाच्या बापानं सांगावं.