गाजलेल्या विनोदी मालिकेवरून चित्रपट करताना पटकथा कशी बांधावी?

तुम्ही अमळनेरहून विचारलंय: केबलवर गाजलेल्या तुमच्या अहिराणी मालिकेचा, त्या कंजूस आबाचा नि भाच्याचा, दोन तासांचा चित्रपट करायचाय. निर्माता म्हणतो, आबाला दुबईला न्या. न्यावं का?

मी जळगावात अहिराणी एकांकिका लिहितो. माझं उत्तर: नेऊ नका.

मालिकेतलं विनोदी पात्र सुधारत नसतं. भाग संपला की आबा होता तिथेच, म्हणून तर लोक पुढच्या आठवड्यात पुन्हा बसतात. चित्रपटाला मात्र शेवट लागतो, कुणीतरी बदलावं लागतं. मग लेखक आबालाच बदलतात. शेवटी तो रडतो, तिजोरी उघडतो. हात जोडून सांगतो, हे करू नका. लोकांचा आबा तिथेच संपतो. बदल शेजारच्या माणसात घडवा. 'मिस्टर बीन' मालिकेवरचा 'बीन' (१९९७) चित्रपट पुन्हा बघा. मिस्टर बीन शेवटपर्यंत जसाच्या तसा राहतो. मोडतो आणि सावरतो तो त्याला घरी ठेवून घेणाऱ्या डेव्हिडचा संसार. बीन लॉस एंजेलिसला गेला तरी चाललं, कारण त्याचा विनोद अंगात आहे, बोलण्यात नाही. आबाचा सगळा जीव बोलण्यात. दुबईत त्याच्याशी अहिराणीत भांडणार कोण?

दुसरं, काम एकच द्या, पण टाळता न येणारं. 'ऑफिस ऑफिस' या हिंदी मालिकेत नायक मुसद्दीलालसमोर दर वेळी कार्यालय वेगळं, अडवणारी माणसं तीच. तिच्यावरच्या २०११ च्या चित्रपटात पेन्शनवाले मुसद्दीलालला मेलेलाच ठरवतात, आणि आपण जिवंत आहोत हे त्याला सिद्ध करायचं असतं. धागा म्हणून ही निवड मला फार आवडते. मालिकेचा स्वभाव तोच, फक्त पणाला लागलेली गोष्ट मोठी.

तुमच्यासाठी असा धागा खानदेशात तयार आहे: कानबाई, आपल्याकडचा देवीचा उत्सव. यंदा आबाच्या घरी कानबाई बसणार. सुरत, मुंबई, नाशिककडे गेलेले सगळे भाऊबंद येणार, सगळ्यांचे रोट, म्हणजे देवीचा नैवेद्य, एकाच घरात होणार, आणि खर्च आबाचा! नागपंचमीनंतरच्या रविवारी स्थापना, सोमवारी विसर्जन, म्हणजे वेळेचं बंधन आपोआप आलं. रात्रभर जागरण, म्हणून गाणीही ओढूनताणून घालावी लागणार नाहीत. ज्या ओसरीवर मालिका घडली, तीच ओसरी चाळीस माणसांनी भरा. बदलू द्या भाच्याला: आजवर आबाच्या आड लपणारा तो पोरगा, पहिल्यांदा भाऊबंदांसमोर उभा राहून बोलेल. आबा सोमवारी दुपारी उरलेला गूळ मोजत बसला तरी चालेल.

आबाचा ठरलेला डायलॉग दर पाच मिनिटांनी नको. ज्याने मालिका पाहिलेली नाही, तो त्यावर हसणार नाही. पहिल्या दहा मिनिटांत त्याची कंजुषी कृतीतून दाखवा, मग डायलॉग येऊ द्या. आणि भाषा पुणेरी करू नका. चोपड्यात, धुळ्यात, नंदुरबारात लोक आपल्या घरातलं बोलणं पडद्यावर ऐकायला येतील. बाकीच्यांसाठी खाली मराठी ओळी द्या.