पहिलं जुनं रिव्हॉल्व्हर विकायच्या आधी

विकून हळहळणारे इथे अमेरिकेत पैशाला पासरी भेटतील, तेव्हा मित्रा, जरा थांब. पैशांची निकड नसेल तर वर्षभर विकूच नकोस. त्यातून कुणा मुरलेल्या गनस्मिथने (बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराने) ट्रिगर हलका केलेलं स्मिथ अँड वेसन कंपनीचं मॉडेल १९ रिव्हॉल्व्हर असेल तर नाहीच. तसा हात पुन्हा सापडत नाही आणि कामावर घातलेले पैसेही सहसा वसूल होत नाहीत. संग्राहक मूळ रूपाला भाव देतात, आपल्या हौसेला नाही.

सध्या एवढंच सांभाळ:

- सिलिंडर (गोळ्यांचं फिरतं नळकांडं) बाजूला उघड आणि रिकामं आहे ना बघ. त्याच्या दांड्यामागे फ्रेमवर मॉडेल नंबर दिसेल. सिरियल नंबर मुठीच्या तळाशी. नेमबाजीसाठीची जाड टार्गेट मूठ असेल तर ती उतरवावी लागते. दोन्ही टिपून ठेव.
- मूठ बदललीस तरी मूळ लाकडी पट्ट्या फेकू नकोस.
- रंग उडाला म्हणून पुन्हा ब्लूइंग (पोलादावरचा निळा-काळा मुलामा) नको. नवशिक्यांची सगळ्यांत महागडी हौस!

विकून बसला असशील, तर घेणाऱ्याला आजच सांग, "विकायचं झालं तर पहिला फोन मला." तो दुसऱ्या राज्यातला असेल तर परत घेताना व्यवहार परवानाधारक डीलरमार्फतच.